खाणवस्तीच्या चर्चमधली ठोकणी

सुमाने पाठवलेल्या फोटोच्या मागे लिहिले होते, 'आजी, हे आमच्या नैरोबीचे दगडी चर्च. असे तुझ्या सांगलीला नाही.' सांगलीला नाही, हे खरे. पण सांगलीहून निघाले तर दुसऱ्या दिवशी दुपारी ज्याच्या दारात उभे राहता येते असे एक चर्च मी नुकतेच पाहून आले, आणि त्याच्या कमानी तुमच्या चर्चपेक्षा टोकदार आहेत. फोटो काढायला माझ्याजवळ यंत्र नाही, म्हणून लिहिते. नंदूने मोठ्याने वाचावे. सुमाने मध्ये प्रश्न विचारू नयेत, शेवटी विचारावेत.

सांगली ते शिराळा

रूथ ही माझी जुनी विद्यार्थिनी. मी शाळेत मुख्य बाई असताना ती वसतिगृहात राहून शिकली. वर्गात शेजारची मुलगी चुकीचे उत्तर देऊ लागली की रूथ आपली मान खाली घालायची, जणू तिचेच चुकले. मला मुलींची नावे आता आठवत नाहीत, पण अशा सवयी आठवतात. लग्न होऊन ती शिराळ्याकडच्या डोंगरात गेली. तिथे दगडाच्या खाणीवर काम करणाऱ्या ख्रिस्ती लोकांची वस्ती आहे. तिचा नवरा दानियल लग्नानंतर वर्षभरात फौजेत गेला, आणि लढाई संपली तरी लवकर परतला नाही. या दिवाळीनंतर तो आला.

नाताळाच्या बाजाराला रूथ सांगलीला आली तेव्हा मला भेटायला आली. म्हणाली, "बाई, या वर्षी आमच्या ठोकणीला याच. पुढच्या वर्षी मी तिथं नसेन." दानियल तिला खडकीला घेऊन जाणार होता. ठोकणी म्हणजे काय, असे मी विचारले तर म्हणाली, आल्यावर पाहाल. अर्धवट उत्तर मला आवडत नाही हे तिला शाळेपासून ठाऊक आहे. म्हणूनच तिने ते दिले असावे, कारण आठ दिवसांनी मी अंथरूण बांधून सर्व्हिस मोटारीच्या अड्ड्यावर हजर होते.

पेट्रोल अजून मोजूनमापून मिळते. आमची मोटार कोळशाच्या गॅसवर चालते. मागे एक पिंप बसवलेले असते, त्यात कोळसा पेटवतात आणि त्या धुरावर गाडी पळते. पळते म्हणजे सपाटीवर. कृष्णेचा पूल ओलांडून आष्ट्यापर्यंत आम्ही झोकात आलो. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता आणि वाऱ्याबरोबर गुऱ्हाळांचा गोड वास येत होता. इस्लामपूर सोडून पेठेच्या पुढे चढ लागला तशी गाडी धापा टाकू लागली. पुरुष उतरून ढकलू लागले. क्लीनरने पिंपातला कोळसा ढोसला, ठिणग्या उडाल्या, आणि त्यातली एक नेमकी टपावरच्या माझ्या वळकटीवर पडली. कोणाच्या लक्षात येईपर्यंत माझ्या चांगल्या घोंगडीला भाकरीएवढे भोक पडले होते. सगळ्या गाडीने मला सल्ले दिले. एका बाईंचे म्हणणे असे की भोक मधोमध आहे, तेव्हा त्यातून डोके घालून अंगरख्यासारखी वापरावी. ड्रायव्हर मात्र माझ्याकडे न बघता म्हणाला, "आवं बाई, घोंगडीच हाय. गाडी वाचली हे बघा." मला हसू आले आणि माझा राग गेला.

शिराळ्याला रात्रीपुरती माझ्या मावसबहिणीकडे उतरले. तिने मी कुठे जाते ते विचारले, आणि मी सांगितल्यावर पुन्हा विचारले नाही. फक्त सकाळी एक डबा बांधून दिला, म्हणजे मला तिथे जेवायला लागू नये. तिला वाईट वाटू नये म्हणून तो मी घेतला.

शिराळा ते खाणवस्ती

गाडीवान ज्ञानू हा पन्नाशीचा शेतकरी, पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेला. तो बैलांशी हिंदीत बोलायचा. म्हणाला, फौजेत खेचरांशी हिंदीतच बोलावे लागे, ती सवय राहिली. वाटेत त्याच्या भावाचे गुऱ्हाळ होते. तिथे काहिलीजवळ बसवून आम्हांला ताजा गूळ आणि ओले शेंगदाणे दिले. माझ्या बहिणीचा डबा मी तिथल्या पोरांना वाटून टाकला.

मी ज्ञानूला खाणवाल्यांविषयी विचारले. तो म्हणाला, माणसे सरळ, पण मुकी. रानात गाडी अडली तर न बोलावता येतात, चाक उचलून देतात आणि न बोलता जातात. खाणीत नाग निघाला तर मारत नाहीत, शिराळ्याला निरोप धाडतात. शिराळ्याची माणसे जाऊन नाग धरून आणतात. त्यामुळे नागपंचमीला शिराळ्यात त्यांना मान आहे, ख्रिस्ती असले तरी. "त्यांचं देऊळ मातुर लय टोकाचं," तो म्हणाला. "आमच्या देवळाला एक कळस. ह्यांचं बघाल तिकडं टोकच. आभाळ फाटायचं एखाद्या दिशी."

वळण घेतले आणि ते दिसले. उघडा काळा डोंगर, त्याच्या पोटात कापून काढलेली खाण, खाणीच्या तळाशी साचलेले हिरवे पाणी, आणि काठावर ते चर्च. खाणीचा आणि चर्चचा दगड एकच, त्यामुळे लांबून वाटते की डोंगरानेच एक कोपरा उचलून उभा केला आहे. तुमच्या फोटोतल्यासारखाच बाजूला मनोरा, उंच निमुळत्या खिडक्या, आणि दारावर दोन तळहात जोडल्यासारखी टोकदार कमान. अशा बांधणीला गॉथिक म्हणतात हे मी शाळेत इंग्रजी इतिहासात शिकवले होते. प्रत्यक्ष मात्र साठी उलटल्यावर पाहिले, तेही शिराळ्याच्या डोंगरात.

ते कसे झाले याची हकिकत मला दुसऱ्या दिवशी तुकड्यातुकड्यांनी कळली, ती इथेच सांगून टाकते. फार पूर्वी इथे एक पाद्री आला. तो विलायतेतल्या एका खाणीच्या गावचा, त्याचा बाप कथलाच्या खाणीत उतरणारा. त्याच्या गावच्या खाणकऱ्यांनी आपले चर्च आपल्या हातांनी बांधले होते. त्याचे एक चित्र त्याच्याजवळ होते, ते त्याने इथल्या माणसांना दाखवले. ही माणसे साताऱ्याकडच्या रस्त्यांना आणि पुलांना दगड फोडून देत. त्यांनी चित्र पाहिले आणि विचारले, दगड कोणता? बाकी काही विचारले नाही. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर काम करायचे, असे करत बापांनी सुरू केलेले मुलांनी पुरे केले. चित्रात नव्हते ते त्यांनी आपल्या समजुतीने केले. छप्पर सोडले तर लाकूड कुठे नाही. बाकेसुद्धा दगडाची. प्रत्येक घराने कोणते दगड घडवले ते त्या घराला ठाऊक असते. दगडांवर नावे नाहीत, पण लहान मूलही आपल्या आज्याचा दगड दाखवते.

रूथचे घर चर्चच्या मागेच आहे. सासरे याकोबआबा अंगणात बसले होते. उंच, वाळलेले, पांढऱ्या मिशांचे. मी नमस्कार केला, त्यांनी दोन्ही हात जोडून रूथकडे पाहिले. रूथ म्हणाली, माझ्या सांगलीच्या बाई. मग ते म्हणाले, "या, बाई. सावलीत या." मला वाटले, अदबीचा माणूस.

दानियल आला तो मोठ्याने बोलतच. फौजेत राहून आलेली माणसे मोठ्याने बोलतात हे मला ठाऊक होते. त्याने खडकीचे, तिथल्या दिव्यांचे आणि नळाच्या पाण्याचे वर्णन केले. मी त्याला विचारले की रूथला तिथे शाळेत काम मिळेल का, तर त्याने उत्तर दिले नाही आणि भाकरी मोडत राहिला. मला जरा घमेंडखोर वाटला. जेवण मात्र फार चांगले होते. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी, ज्वारीची भाकरी आणि खर्डा, आणि नाताळासाठी केलेल्या करंज्यांपैकी दोन फुटक्या, ज्या मोजणीत धरायच्या नव्हत्या. आपल्याकडे देवाला दाखवण्याआधी फराळाला हात लावत नाहीत, इथे फुटक्या करंजीला ती अट नाही. हा नियम मी घरी लागू करणार आहे.

जेवताना दानियलने जाहीर केले की उद्या ठोकणीला गेरूचे मडके तो धरणार. आबांनी मान हलवली. रूथने भरलेला तांब्या पुन्हा भरायला आत नेला.

खाणीच्या पाण्यावर

संध्याकाळी रूथ मला खाणीचे पाणी दाखवायला घेऊन गेली. कापलेल्या दगडाच्या पायऱ्या उतरून आम्ही काठावर बसलो. तेव्हा तिने मला ठोकणी सांगितली.

खाणीत सुरुंग उडतो तेव्हा जमीन हादरते आणि चर्चच्या एखाद्या दगडात केसाएवढी चीर पडते. डोळ्यांना ती दिसत नाही. पण लोखंडाने ठोकले तर चांगला दगड घुमतो, त्याला ही माणसे बोलका म्हणतात, आणि चीर गेलेला बद्द वाजतो. म्हणून दर वर्षी नाताळाच्या आधी चर्चमधले भार उचलणारे सगळे दगड, म्हणजे कमानींचे, खांबांचे, कोपऱ्यांचे, एकेक करून ठोकून ऐकतात. बद्द निघाला त्यावर गेरूची रेघ ओढायची आणि तो बदलायचा. ऐकायचे काम एकाच माणसाचे. गेली कित्येक वर्षे ते याकोबआबांचे आहे. त्यांच्या शेजारी गेरूचे मडके घेऊन घरातले एक माणूस चालते. दानियल गेल्यापासून रूथ चालत होती.

"आणि बाई, आबांना ऐकू येत नाही," ती म्हणाली.

जन्मभर सुरुंग उडवून त्यांचे कान गेले. तिला ते एका ठोकणीच्या दिवशीच कळले. आबांनी दगड ठोकला आणि नेहमीप्रमाणे बोलले नाहीत. तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. दगड चांगला होता म्हणून ती सरळ पाहत होती. आबा म्हणाले, बोलका. पुढचा एक बद्द निघाला, तिची मान आपोआप खाली गेली. आबा म्हणाले, बद्द. त्या दिवसापासून दर वर्षी असेच चालले होते. ठोकायचे आबांनी, ऐकायचे रूथने, सांगायचे आबांनी.

"तुम्ही दोघांनी ठरवलं होतं का?" मी विचारले.

"नाही. आम्ही याबद्दल एकमेकांशी एक शब्दसुद्धा बोललो नाही."

आता दानियल मडके धरणार. त्याला नाही म्हणायचे तर कारण द्यावे लागणार. कारण दिले तर आबांचा कान गेल्याचे वस्तीला कळणार, आणि हातोडी हातातून गेली की आबा खाटेला लागणार, असे तिचे म्हणणे होते. आणि कारण दिले नाही तर आबा उद्या दानियलच्या तोंडाकडे पाहून सांगतील. दानियलला या खेळाचा पत्ता नाही. एखादा तडकलेला दगड बोलका म्हणून सुटेल, आणि त्याच्याखालून नाताळाच्या दिवशी सगळी वस्ती पोराबाळांसह आत जाईल.

मी तिला सांगितले की नवऱ्याला आज रात्रीच खरे सांगून टाक. जन्मभर मी मुलींना हेच सांगत आले. रूथ उठली आणि पदर झटकत म्हणाली, "बाई, थंडी वाढली. चला."

ठोकणी

सकाळी वस्तीतली कुत्री, कोंबड्या आणि तान्ही मुले पार टेकडीपलीकडच्या झोपडीत नेऊन ठेवली. त्या दिवशी खाण बंद. चर्चच्या दारात सगळ्यांनी वहाणा काढल्या. तुमच्याकडे बूट घालून आत जात असतील, इथे आपल्या देवळासारखेच अनवाणी जातात. उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. दगडी बाक इतके गार होते की मला माझ्या जळक्या घोंगडीची आठवण झाली. ती मी रूथच्या घरीच विसरले होते. माझ्या शेजारी सारामावशी बसल्या होत्या. वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या, गुडघे धरलेले, उठवायला दोन माणसे लागतात. पलीकडे रूथ. तिचे डोळे सुजलेले होते. तिने नवऱ्याला सांगितले नव्हते, हे मला तिच्याकडे पाहूनच कळले.

ठोकणी चालू असताना कोणी बोलायचे नाही, खोकायचे नाही. बाके दगडाची का, ते मला तेव्हा उमगले. लाकडी बाक करकरले असते.

याकोबआबा वेदीपुढच्या मोठ्या कमानीखाली उभे राहिले. त्यांच्या हातात लांब वेळू होता, त्याच्या टोकाला लोखंडाची गोळी, उंचावरचे दगड ठोकण्यासाठी. खालच्यांसाठी कमरेला हातोडी. शेजारी दानियल, खाकी सदरा घालून, मडके छातीशी धरून. आबांनी पहिला दगड ठोकला. माझ्या कानाला तो लांबच्या घंटेसारखा आला. आबांनी मुलाच्या तोंडाकडे पाहिले. दानियल हुकमाची वाट पाहणाऱ्या शिपायासारखा समोर बघत होता. त्या तोंडावर काहीच नव्हते.

आबांनी खाली पाहिले. मग त्यांची मान हळूहळू वळली आणि ते बायकांच्या बाकांकडे शोधू लागले. रूथ सरळ पाहत होती.

"बोलका," आबा म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. असेच पुढे चालले. एक दगड मध्येच बद्द निघाला. रूथची मान खाली गेली, आबा बद्द म्हणाले, दानियलने रेघ ओढली. पण वेदीकडची कमान संपवून आबा पुरुषांच्या बाजूच्या भिंतीने मागे सरकू लागले, आणि मधे खांब आला. आबा वेळू टेकवून उभे राहिले. त्यांना रूथ दिसेना. रूथला उठता येईना.

तेवढ्यात मला बरगडीत कोपर लागले. सारामावशी माझ्याकडे न पाहता सरकत होत्या. त्यांच्या पलीकडच्या बायका सरकत होत्या. एक एक करून पुढच्या बाकावरच्या बायका मागच्या बाकावर, मागच्या त्याच्याही मागे, कोणीही न उठता, बसल्या बसल्या, बाकांना जोडणाऱ्या भिंतीलगतच्या ओट्यावरून घसरत, आणि मधोमध रूथला घेऊन. पातळांचा दगडावर आवाज होत नाही. पुरुष छपराकडे पाहत होते. सगळेच्या सगळे पुरुष एकाच वेळी छपराकडे पाहताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही. रूथ पुन्हा दोन खांबांच्या मधल्या जागेत आली. आबांनी तिला पाहिले आणि म्हणाले, बोलका.

सगळ्यांना ठाऊक होते. रूथला वाटत होते की ते गुपित तिचे आणि आबांचे. सगळी वस्ती ते सांभाळून होती, आणि रूथला कळू न देता सांभाळून होती. मी रूथकडे पाहिले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण ती ते पुसत नव्हती, कारण हात वर केला असता तर आबांना तिचे तोंड दिसले नसते. यानंतर प्रत्येक खांबाला आम्ही सरकलो. तुमची आजी, जिने वर्गात कधी कोणाला जागा सोडू दिली नाही, तीही सरकली.

दुपार व्हायला आली तेव्हा फक्त दाराची कमान उरली. दार अगदी मागे आहे, आणि त्याच्या अलीकडे मनोऱ्याचा भार घेणारा एक भला जाड खांब. आम्ही शेवटच्या बाकावर पोचलो होतो. पुढे सरकायला जागा नव्हती. सारामावशींनी बाकाच्या टोकापर्यंत रूथला ढकलून पाहिले, तरी खांब मधेच.

आबांनी वेळू उचलला. कमानीच्या टोकाशेजारचा दगड ठोकला, थांबले, पुन्हा ठोकला. मला दोन्ही वेळा सारखेच ऐकू आले. त्यांनी वळून पाहिले, तिथे खांब होता. मग आबांनी मुलाकडे तोंड केले आणि हळूच विचारले, "दान्या, काय म्हणतुया त्यो?"

दानियलने गेरूत कुंचा बुडवला आणि कमानीकडे पाहत राहिला.

"दान्या," आबा आता मोठ्याने म्हणाले. सगळ्या चर्चमध्ये ते घुमले. "मला ऐकू येत न्हाई. तू सांग. बोलका का बद्द?"

दानियलचा चेहरा त्याच्या सदऱ्यासारखा मातकट झाला. त्याने मडके खाली ठेवले. "मला न्हाई सांगता येनार, आबा."

"का रं?"

"डाव्या कानात काय ऱ्हायलं न्हाई. उजव्यात बी थोडंच. पूल उडवताना ग्येलं. मला वाटलं, आबाचं कान हाईत, आपुन नुसता गेरू लावायचा."

आबांना यातले किती ऐकू गेले कोण जाणे. पण मुलाने आपल्या डाव्या कानावर हात ठेवला होता, तो त्यांनी पाहिला. ते त्याच्याकडे पाहत राहिले, आणि मग म्हणाले, "मग आपुन दोघं हितं काय करतुया रं?"

पुरुषांतून कोणीतरी हसले. मग दुसरे. ठोकणीच्या दिवशी चर्चमध्ये आवाज झाला होता, आणि तो थांबेना. आबाही हसत होते. हसता हसता त्यांनी खांबाच्या बाजूने हाक मारली, "रूथ, ये पोरी. हिकडंच ये. किती वर्सं लांबनं बघू तुज्याकडं?"

रूथ जागची हलली नाही. सारामावशींनी तिच्या पाठीवर थाप मारली. "जा ग बाई. सरकून सरकून आमची कंबर ग्येली."

ती गेली. आबांनी वेळू तिच्या हातात दिला आणि लोकांना ऐकू जाईल असे म्हणाले की त्यांचा खांदा दुखतो आहे. रूथने आजवर दगड वाहिले होते, ठोकला एकही नव्हता. बायका इथे हातोडी धरत नाहीत. तिने शेजारचा दगड ठोकला, मग आबांनी ठोकलेला तो, मग पुन्हा शेजारचा. मान खाली घातली नाही. सासऱ्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवत ती म्हणाली, "बद्द, आबा."

दानियलने वर चढून रेघ ओढली. त्याच्या हातून ती वाकडी गेली. मग दार लावून घेतले, आणि सगळी वस्ती, माझ्यासकट, वेदीमागच्या लहान दारातून वाकून बाहेर पडली.

परत

त्या संध्याकाळी अंगणात दानियलने उरलेले सांगितले. फौजेने त्याला कानांमुळे घरी धाडले होते. खडकीची खोली एका मित्राची, तिथे कुठे पहारेकऱ्याचे काम मिळते का ते तो पाहणार होता. खाणीत सुरुंग लावला की ओरडून सांगतात, आणि ज्याला ते ऐकू येत नाही त्याने खाणीत उतरू नये. हे त्याला बापासमोर आणि बायकोसमोर बोलायचे नव्हते. आदल्या दिवशीचा माझा प्रश्न त्याने ऐकलाच नव्हता. मी त्याला घमेंडखोर ठरवून झोपले होते.

आबा म्हणाले, "माजं कान ग्येलं, तवा म्या काय खान सोडली?"

मी म्हटले, माझा मुलगा नैरोबीला रेल्वेत आहे, तिथे गाडी झेंड्यावर चालते, तुम्हीही सुरुंगाला तांबडे निशाण दाखवा. रूथने ते आबांना खुणेने समजावले. आबांनी विचार केला. म्हणाले, निशाण बरे, पण त्यापेक्षा रूथचे तोंड बरे, त्याच्यावर सगळे लिहिलेले असते. रूथ लाजून आत गेली आणि भाकऱ्या थापू लागली. जायचे की राहायचे याबद्दल मात्र त्या रात्री कोणी बोलले नाही, आणि मीही विचारले नाही. आदल्या दिवशीचा माझा सल्ला कोणी घेतला नव्हता, आणि ते बरेच झाले होते.

दुसऱ्या सकाळी ज्ञानूची गाडी आली. निघताना पाहिले तर दाराच्या कमानीखाली लाकडाचे टेकू उभे राहत होते आणि दानियल दगड मोजत होता. माप घेऊन तो खाली उतरला आणि रूथबरोबर मला पोचवायला शिराळ्यापर्यंत आला. मोटार कोळसा पेटायची वाट पाहत उभी होती. मी खिडकीतून रूथला विचारले, "मग खडकीला कधी?"

"त्यांना विचारा, बाई," ती म्हणाली. "पण उजव्या बाजूनं. आणि मोठ्यानं."

मी खिडकीतून वाकले आणि शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज काढून विचारले. मोटारीतली सगळी माणसे वळून बघू लागली. ड्रायव्हरनेही मागे पाहिले. दानियलने कानामागे हात धरला होता. त्याने नीट ऐकून घेतले, बायकोकडे एकदा पाहिले, आणि तितक्याच मोठ्याने मला सांगितले, "आधी दारावरचा दगूड बसवतो, बाई. मग हिला इचारतो."